बुटका सोफा घेण्याआधी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला वीस मिनिटं दिली आणि सांगितलं, आपापल्या धंद्यातलं काहीतरी सांगा, बाकीच्यांच्या उपयोगी पडेल असं. सकाळी आपल्या डॉक्टर मंडळींनी साखर आणि रक्तदाब सांगितला, सीए मित्रानं मृत्युपत्र कसं करायचं ते सांगितलं. आता जेवण झालंय, बासुंदी झालीय आणि विषय आहे सोफा. झोपेची सगळी सोय संयोजकांनी बरोबर लावली आहे. ज्यांना डुलकी येईल त्यांनी खुशाल घ्यावी, भूगोलाच्या तासाला घेतच होतो.

सांगलीत माझं सोफ्याचं दुकान आणि मागे कारखाना आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. कारखाना म्हणजे चार माणसं, दोन शिलाई मशिनं आणि फोमचा ढीग. गेल्या दोन-तीन वर्षांत या बॅचमधल्या किमान दहा जणांनी मला एकच फोटो पाठवला आहे. घराचं कर्ज फिटलंय, कुणाचा जुना बंगला बिल्डरला देऊन फ्लॅट आलाय, कुणाच्या मुलानं पुण्यात घर घेतलंय आणि हॉल नवा करायचा आहे. फोटोतला सोफा नेहमी तोच. राखाडी नाहीतर मातकट रंगाचा, जमिनीला टेकलेला, पाय नसलेला, खोल आणि गुबगुबीत. पाठ जेमतेम कमरेच्या वर. समोर गोल टीपॉय, कोपऱ्यात कुंडीत मोठ्या पानांचं झाड. कॅटलॉगमध्ये त्याला लो-प्रोफाइल लाउंज सोफा म्हणतात. आमच्या कारखान्यात त्याला बुटका म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.

हा बुटका आला कुठून? मुलांना वाटतं परवा आला. १९७० साली इटलीच्या मारिओ बेलिनी यांनी ‘कॅमालिओंडा’ नावाचा सोफा केला. जाड गाद्यांचे चौकोनी तुकडे, हवे तसे जोडायचे, हवे तसे सोडवायचे. १९७३ मध्ये फ्रान्सच्या मिशेल द्युकारुआ यांनी ‘लीन्य रोझे’ या कंपनीसाठी ‘टोगो’ केला. त्याच्या आत लाकडाचा सांगाडाच नाही. कमीअधिक घट्टपणाचे फोम एकावर एक, वरून चुण्या पडलेलं कापड. टूथपेस्टची ट्यूब दुमडून ठेवावी तसा तो दिसतो आणि ती कल्पनाही तिथूनच आली असं सांगतात. जमिनीपासून पाठीच्या टोकापर्यंत त्याची उंची साधारण सत्तर सेंटिमीटर, म्हणजे अठ्ठावीस इंच. आज तुमच्या फोनवर जे येतं ते या दोघांचं नातवंड किंवा पतवंड.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर बसायची जागा मुळातच खाली होती. जाजम, त्यावर गादी, पांढरी चादर, लोड, तक्के. पाहुणा आला की गादीवर टेकायचा, पाय पसरायचा किंवा मांडी घालायचा. आपल्या भागात जुन्या घराच्या पुढच्या खोलीला सोपा म्हणतात. माझी आजी अजून आठवते, ‘सोप्यात बसा जरा, चहा टाकते’ म्हणायची. पुढे सोप्यात सोफा आला. गंमत म्हणजे सोफा हा शब्द अरबी ‘सुफ्फा’वरून आला आणि त्याचा अर्थ बसण्यासाठी केलेला उंचवटा. उंचवटा म्हणून निघालेली वस्तू पन्नास वर्षांत पुन्हा जमिनीकडे चालली आहे.

ती का आवडते, हे आधी प्रामाणिकपणे सांगतो, कारण मला ती आवडते. आताच्या फ्लॅटची उंची साडेनऊ फूट, त्यात फॉल्स सीलिंगनं आणखी सहा-आठ इंच खाल्लेले. अशा हॉलमध्ये छत्तीस इंच पाठीचा भरदार सोफा ठेवला की खोली भरून जाते. बुटका ठेवला की भिंत मोकळी दिसते, छत वर गेल्यासारखं वाटतं. खिडकीची कट्टी अडीच-तीन फुटांवर असते, तीही झाकली जात नाही, उजेड आत येतो. लहान मुलं पडली तरी लागत नाही. आणि मोठी गोष्ट म्हणजे माणूस त्यावर सरळ बसत नाही. आडवातिडवा होतो, पाय वर घेतो, गप्पा लांबतात. जुन्या सोफ्यावर पाहुणा फोटो काढायला बसल्यासारखा बसायचा. हा हॉल मुलाला का हवासा वाटतो, ते मला कळतं.

आता दुसरी बाजू. मागच्या वर्षी आपल्याच बॅचमधली एक मैत्रीण दुकानात आली. नाव सांगत नाही, ती इथेच बसली आहे आणि तिनं बोलायची परवानगी दिली आहे. पुण्यात मुलाचं नवं घर, ती आणि तिच्या सासूबाईही तिथेच राहणार. मुलानं फोटो पाठवलेला. मी तिला विचारलं, तुझा गुडघा कसा आहे? म्हणाली, उजवा कुरकुरतो. सासूबाई? चौऱ्यांऐंशीच्या. मग या सोफ्यावर तुम्ही दोघी बसणार कशा? ती अगदी सहज म्हणाली, ‘आमचं काय रे, आम्ही डायनिंगच्या खुर्चीवर बसू.’

हे वाक्य मी धंद्यात शंभर वेळा ऐकलं आहे, म्हणून आज हा विषय घेतला. विश्रामबागेतल्या एका घरी मी माप घ्यायला गेलो होतो. नव्या बुटक्या एल आकाराच्या सोफ्यावर घरातली सगळी बसलेली, टीव्हीवर मॅच. आजोबा मागे, जेवणाच्या टेबलाशी, लाकडी खुर्चीवर. त्यांना मॅच दिसत होती, पण नातवंडांची तोंडं दिसत नव्हती, पाठी दिसत होत्या. कुणी त्यांना तिथे बसवलं नव्हतं. दोनदा सोफ्यावर बसले, दोनदा सुनेला हात द्यावा लागला, तिसऱ्यांदा ते आपणहून खुर्चीकडे गेले. म्हातारी माणसं हात मागायला संकोचतात. मागण्यापेक्षा लांब बसणं त्यांना सोपं वाटतं. मग सोप्याच्या बाहेर कोण गेलं, हे घरातल्या कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुम्ही म्हणाल, आपली आजी तर जमिनीवर बसायची, तिचं काही अडत नव्हतं. बरोबर. पण जमिनीवरून उठणं आणि बुटक्या सोफ्यावरून उठणं ही दोन वेगळी कामं आहेत. जमिनीवरून उठताना आपण एका अंगावर कलतो, हात जमिनीवर टेकतो, एक गुडघा मुडपतो, मग दुसरा पाय रोवून उभे राहतो. जमीन घट्ट असते, ती आधार देते. तेरा इंचांच्या मऊ सोफ्यावर हात टेकला तर हात फोममध्ये जातो. जमीन लांब, हाताला कठडा नाही, पाठ मागे कललेली. माणूस अधेमध्ये अडकतो. मग जे करायचं ते मांडीच्या स्नायूंनी आणि गुडघ्यांनी करायचं. नववीत अंगठे धरून उभं राहिल्यावर पीटीच्या सरांनी पन्नास उठाबशा काढायला लावल्या होत्या, त्यातली प्रत्येक ऊठ म्हणजे बुटक्या सोफ्यावरून उठणं. तेव्हा आपण चौदा वर्षांचे होतो, सर.

बैठक गुडघ्याच्या मागच्या लवणीपेक्षा खाली गेली की बसल्यावर खुबा गुडघ्याच्या खाली जातो. तिथून शरीर वर उचलायला गुडघा आणि खुबा दोघांनाही जास्त जोर लावावा लागतो. खुब्याचा सांधा बदललेल्यांना अनेक डॉक्टर सुरुवातीचा काळ खालच्या आसनावर बसू देत नाहीत, कारण खुबा जास्त वाकला तर सांधा निखळण्याचा धोका असतो. वयस्कांच्या पायांतली ताकद मोजायची एक साधी चाचणी आहे: हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. त्या चाचणीची खुर्ची सतरा इंच उंचीची असते. मी गिऱ्हाइकांना ही चाचणी घेत नाही, तो डॉक्टरांचा प्रांत आहे. पण सतरा हा आकडा लक्षात ठेवतो. सतरा इंचांवरून उठायलाही ज्यांना हात लागतात, त्यांच्या घरात तेरा इंचांचा सोफा न्यायचा का, एवढाच प्रश्न.

म्हणून माझ्याकडे सोफा बघायला येणाऱ्याला मी ‘बसून बघा’ म्हणत नाही. बसायला सगळेच सोफे छान असतात. मी म्हणतो, दहा मिनिटं बसा, चहा घ्या, आणि मग कप हातात धरून उठा. कप खाली ठेवायचा नाही. ज्याला कप ठेवावा लागला, त्याच्या मापाचा तो सोफा नाही. घरात सगळ्यांत कष्टानं उठणारी व्यक्ती जी असेल, तिला दुकानात घेऊन या. फोटो पसंत करणाऱ्या मुलाला आणलं नाहीत तरी चालेल.

आता माप. घरी करता येईल. कठीण खुर्चीवर पाय सरळ टेकून बसा आणि गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत टेपनं मोजा. घरातल्या प्रत्येकाचं मोजा, कागदावर लिहा. माझ्या मैत्रिणीचं साडेपंधरा भरलं, सासूबाईंचं पंधरा, मुलाचं अठरा. बसल्यावर बैठकीची जी उंची राहते ती या मापांच्या आसपास हवी, आणि ज्यांना उठायला त्रास आहे त्यांच्या मापाच्या खाली नको. ‘बसल्यावर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कॅटलॉगमध्ये लिहिलेली उंची रिकाम्या सोफ्याची असते. मऊ फोमचा सोफा माणूस बसला की दोन-तीन इंच खाली जातो. पंधरा लिहिलेला सोफा प्रत्यक्षात साडेबारा असतो. एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या मांडीलगत टेप धरायची, दुकानदार हसला तरी.

इथेच एक युक्ती आहे, आणि आजच्या भाषणातलं एवढं एकच ऐकलंत तरी माझी वीस मिनिटं वसूल. सोफा बुटका दिसतो तो त्याच्या पाठीमुळे. बैठकीकडे डोळा जात नाही. दारातून आत आल्यावर डोळ्याला दिसते ती पाठीची वरची रेघ आणि सोफ्याची लांबी. पाठ अठ्ठावीस-तीस इंचांवर थांबवली, सोफा लांब आणि सलग ठेवला, पाय आत घेतले, की बैठक सोळा इंचांची असली तरी कुणीही त्याला बुटकाच म्हणेल. मुलाला फोटो मिळतो, आईला उठता येतं. चित्रकलेच्या बाई आपल्याला दोन आडव्या रेघा काढून सांगायच्या, खालची तीच ठेवा, वरची हलवा, चौकोन कसा बदलतो बघा. बाई, ते मी रोज करतो.

दुसरं, पुढच्या बाजूला खाली मोकळी जागा. उठताना आपण काय करतो ते बघा. आता बसल्या जागीच करून बघा. पावलं मागे घेतो, अंग पुढे झुकवतो, मग उठतो. पावलं मागे जायला जागा नसेल, सोफ्याची पेटी थेट जमिनीपर्यंत आलेली असेल, तर टाचा आपटतात आणि उठणं दुप्पट जड जातं. पुढे चार इंच मोकळे सोडा आणि पाय किंवा पाट्या आतल्या बाजूला घ्या. सोफा तरंगल्यासारखा दिसतो, तेही आता आवडतं लोकांना. केरसुणी जाते, फरशीचं फडकं जातं, मुलानं घेतलेला तो गोल झाडू यंत्रही बहुतेक जातो. पेटी जमिनीला टेकली की खाली काय साठतं ते मी बघितलंय. सांगत नाही, आत्ताच जेवलोय.

हात किती असावेत? किमान एका टोकाला एक, आतून लाकूड असलेला, बैठकीच्या वर सात-आठ इंच. नुसता फोमचा गुबगुबीत हात दाबला की खचतो, त्याचा उशी म्हणूनच उपयोग. ज्यानं उठायचं त्याची जागा त्या टोकाला.

व्यासपीठावर गुरुजनांसाठी मंडपवाल्यानं आणलेला लाल मखमली, सोनेरी नक्षीचा सोफा सगळ्यांनी बघितला असेल. सकाळी दोघातिघांनी त्याची चेष्टा केली. पण सत्काराला नाव पुकारल्यावर आपले सर, वय वर्षं शहाऐंशी, त्यावरून कुणाचाही हात न धरता उठले. बैठक उंच, फोम दगडासारखा, हात लाकडी. दिसायला कसाही असो, त्याला नावं ठेवू नका.

खोलीबद्दल, म्हणजे बैठक पुढून मागे किती आहे त्याबद्दल, थोडं सांगायला हवं. नेहमीच्या सोफ्याची बैठक वीस-बावीस इंच, या लाउंजची चोवीस ते अठ्ठावीस, कधी त्याहून जास्त. सहा फुटी मुलाला ते छान. पाच फुटांच्या आईची पाठ टेकायला गेली तर पावलं अधांतरी येतात, आणि पावलं टेकवली तर पाठ अधांतरी. मग ती पुढच्या कडेवर चिमणीसारखी बसते. आपल्या बायका आयुष्यभर अशाच बसत आल्या आहेत. उंच सोफ्यावरही त्यांचे पाय लोंबकळतात, आणि त्या दृष्टीनं थोडा कमी उंचीचा सोफा त्यांना उलट सोयीचाच आहे, हेही बुटक्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. खोली मात्र कमी करा, किंवा पाठीमागे घट्ट भरलेला एक जादा तक्क्या ठेवा. कापूस भरलेला आपला लोड यासाठी अजूनही फार चांगला. मऊ उशा चार ठेवल्या तरी त्या चपट्या होतात आणि शेवटी जमिनीवर जातात.

आता आतलं. दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही, आणि टिकणं सगळं तिथेच असतं.

फोमला दुकानदार ‘बत्तीस डेन्सिटी’, ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतात. बहुतेकांना वाटतं, आकडा मोठा म्हणजे कडक. तसं नाही. गणिताचे सर समोर आहेत म्हणून नीट सांगतो. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. कडकपणा वेगळा मोजतात. चाळीस घनतेचा फोम मऊही असू शकतो आणि कडकही. घनता जास्त म्हणजे त्याच जागेत माल जास्त, म्हणून तो लवकर बसत नाही. दोन फूट बाय दोन फूट, पाच इंच जाड अशी एक गादी घ्या. चाळीसचा फोम असेल तर तिचं वजन साधारण एक किलो नऊशे ग्रॅम भरेल, बत्तीसचा असेल तर दीड किलो. चेन उघडून फोम बाहेर काढायचा आणि सामान तोलायच्या काट्याला लावायचा. लेबलपेक्षा काटा खरं बोलतो. बैठकीला चाळीस घ्या, पाठीला कमी चालतो, पाठीवर वजन कमी येतं. बुटक्या सोफ्याला हे जास्त लागू आहे. अठरा इंचांचा सोफा दोन वर्षांत दीड इंच बसला तर साडेसोळा राहतो, चालून जातं. चौदाचा बसला तर साडेबारा राहतो, आणि दोन वर्षांत आपले गुडघे काही तरुण होत नाहीत.

सांगाड्याचं आपण सांगलीकरांनी जास्त लक्षात ठेवायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं, तेव्हा पाणी ओसरल्यावर महिनाभर माझ्या दारात सोफ्यांची रांग होती. भुश्श्याच्या दाबलेल्या फळ्यांचे सांगाडे बिस्किटासारखे फुगले होते, हातात तुकडे येत होते. चिखलाचं पाणी प्यायलेला फोम सगळाच टाकला, तो कुणाचाही वाचत नाही. सागाचे सांगाडे मात्र धुतले, सावलीत वाळवले, पुन्हा पट्टे ठोकले, नवा फोम, नवं कापड, आणि घरी गेले. प्लायवुड वापरायचं असेल तर त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघा, तो पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा. आयएस ३०३ हे साधारण कामाचं. तळमजल्यावर राहणाऱ्यांना आणखी एक सांगतो. नऊ फुटांचा सलग सोफा घेऊ नका. तुकड्यांचा घ्या, दोन माणसांना जिन्यावरून वर नेता येईल असा. पाण्याचा इशारा आला त्या रात्री ज्यांचे तुकड्यांचे होते त्यांनी ते वरच्या मजल्यावर नेले. ज्यांचे सलग होते ते तसेच सोडून निघाले. बेलिनींनी तुकडे केले तेव्हा त्यांच्या डोक्यात कृष्णेचा पूर नसणार, पण आपल्याला ते उपयोगी पडतात. पुण्याच्या दहाव्या मजल्याच्या लिफ्टलाही तेच लागू.

कापडाबद्दल फार बोलत नाही. फिकट रंग आवडत असेल तर खोळ चेनची आणि धुता येणारी करा, आणि पहिल्याच दिवशी जास्तीचं तीन-चार मीटर कापड घेऊन ठेवा, नंतर तोच रंग मिळत नाही.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक टीव्ही. बैठक तीन-चार इंच खाली गेली आणि पाठ कलली की डोळेही तेवढे खाली जातात, पण टीव्ही भिंतीवर जुन्याच जागी राहतो. आधीच आपल्याकडे तो देवाच्या तसबिरीइतका वर लावतात. मग मान वर करून बघायचं, आणि पाठ बुटकी म्हणून मानेला मागे टेकायला काही नाही. सोफा बदललात तर टीव्हीही खाली घ्या, पडद्याचा मध्य डोळ्यांच्या जवळपास. दुसरं टीपॉय. तो बैठकीइतका किंवा इंच-दोन इंच खाली, आणि सोफ्यापासून पंधरा ते अठरा इंचांवर. त्याहून जवळ ठेवलात तर उठताना अंग पुढे झुकवायला जागा राहत नाही.

आणि ऑर्डर देण्याआधी फरशीवर खडूनं सोफा काढा. पुरा, मापात, हातांसकट. दोन दिवस त्या रेघांना वळसा घालून चाला. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांनी दुसऱ्या दिवशी फोन करून लांबी फूटभर कमी करायला सांगितलं आहे.

ज्यांनी आधीच घेतला आहे, त्यांनी घाबरू नका. पाय नसलेल्या सोफ्याला खालून लाकडी पाय बसतात. तीन इंच वाढवले तर फोटोत फारसं कळत नाही. फक्त ते सांगाड्याच्या मुख्य पट्टीत बसले पाहिजेत, तळाच्या पातळ कापडी फळीत नव्हे. बैठकीचा फोम बदलता येतो, तो खर्च नव्या सोफ्याच्या मानानं थोडा असतो. आतले इलॅस्टिकचे पट्टे सैल झाले असतील तर आधी ते ओढून घ्या, कधी कधी तेवढ्यानंही इंचभर वर येतो. आणि हे काहीच जमणार नसेल, तर हातांची एक चांगली, सतरा-अठरा इंचांची खुर्ची घ्या आणि ती सोफ्याच्या गोलात ठेवा. गोलाच्या आत, टीपॉयजवळ, जिथे सगळ्यांची तोंडं दिसतात तिथे. विश्रामबागेतल्या घरी आम्ही तेच केलं. सोफ्याच्याच कापडात खुर्ची मढवली, म्हणजे ती आजारी माणसाची खुर्ची वाटत नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्या खुर्चीवर नातू बसला होता आणि आजोबा त्याला उठवत होते.

माझ्या मैत्रिणीच्या सोफ्याचं विचाराल, तर तो तयार होत आला आहे. एकूण उंची एकोणतीस इंच, बसल्यावर सोळा. एका टोकाची बैठक बावीस इंच खोल आणि लाकडी हाताची, ती सासूबाईंची. दुसऱ्या टोकाला अठ्ठावीस इंच खोल, ती मुलाची, तिथे त्यानं लोळावं. तीन तुकडे आहेत, लिफ्टचं माप मी स्वतः घेऊन आलो. रंग तेवढा ठरायचा आहे. मुलाला मातकट हवाय, आजीला डाळिंबी. त्यात मी पडत नाही.

चहा आलेला दिसतोय. टेप माझ्या खिशात आहे. ज्यांना गुडघ्याची लवण मोजून हवी असेल त्यांनी रांगेत यावं, आणि रांगेत पहिले गुरुजन.